अष्टमीचं पाणी

पनवेलला समुद्र नाही, असं पनवेलमध्येच राहणारे बरेच जण समजतात. खाडी आहे. पुलावरून जाताना ती दिसते, ओहोटीला तिचा वास येतो आणि गाडीच्या काचा वर होतात. तेवढाच आमचा तिच्याशी संबंध. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालो, तोपर्यंत माझाही तेवढाच होता. माझी पत्नी शुभदा मात्र पन्नाशीला आल्यावर शिडाची होडी चालवायला शिकली. शिकवणारा दिलीप. तो पूर्वी व्यापारी जहाजांवर इंजिनं सांभाळायचा, आता पनवेलजवळ करंजाड्याला राहतो. त्याची 'टिटवी' नावाची छोटी शिडाची नौका उरणजवळ मोरा बंदराच्या बाजूला नांगरलेली असते. शुभदा त्या नौकेवर दिशा काढायची आणि लॉग लिहायची. मी घरी वाचत बसायचो.

शुभदाला जाऊन सव्वा वर्ष झालं. या फेब्रुवारीत तिच्या जागेवर बसून मी तीन दिवसांची सफर केली. बरोबर दिलीप होता आणि माझी मुलगी मुक्ता. मुक्ता बंगळूरला नोकरी करते. तिनं यावं म्हणूनच ही सफर मी ठरवली होती, आणि त्याचं कारण आधी सांगायला हवं.

शुभदाचं वर्षश्राद्ध मी तिथीनं केलं. तिथी तारखेच्या दीड आठवडा आधी येत होती. मुक्तानं तारीख धरून रजा घेतली होती, तिकीट काढलं होतं, रजा बदलून मिळत नव्हती. "बाबा, तारखेनं करू या ना, आईला काय फरक पडणार आहे?" असं ती फोनवर म्हणाली. मी तिला बरंच काही ऐकवलं. श्राद्ध तिथीनंच असतं, तारीख इंग्रजांची, चंद्राला तुझ्या ऑफिसची रजा कळत नाही, वगैरे. शेवटचं वाक्य मला तेव्हा चांगलं वाटलं होतं. ती ठरलेल्या तारखेलाच आली. सगळं उरकलेलं होतं. फोटोवरचा हार वाळला होता. तिनं तो हात लावून पाहिला आणि म्हणाली, "माझ्यासाठी हार तरी ताजा ठेवायचात." त्यानंतर ती फोन करायची, पण औषध घेतलंत का, गॅस आला का, एवढ्यावर थांबायची.

दोन वर्षांपूर्वी शुभदानं जी शेवटची मोठी सफर केली होती, तिच्याच तारखांना आपण जाऊ, असं मी मुक्ताला कळवलं. "या वेळी तारखेनं," असं मुद्दाम लिहिलं. ती यायला तयार झाली. मला वाटलं, मी बरंच काही भरून काढतो आहे.

मोरा ते मांडवा

पनवेलहून सकाळी निघालो. करंजाड्याला दिलीपला घेतलं. त्याच्या हातात पाण्याचा कॅन, गळ्यात दुर्बीण आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मडकं होतं. आदल्या संध्याकाळी शेजाऱ्यांकडे पोपटी लावली होती, हंगामातली शेवटची, त्यातला वाटा. जाळात मडकं ठेवून भाजलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, आणि सगळ्याला भांबुर्ड्याच्या पाल्याचा धुरकट वास. कंटेनरच्या ट्रकांमागे रांगत आम्ही उरणला पोचेपर्यंत गाडीत तोच वास भरून राहिला. मुक्तानं मागच्या सीटवर दोन शेंगा सोलून खाल्ल्या आणि बाहेर बघत राहिली.

ज्यांनी शिडाच्या नौकेवर पाऊल ठेवलेलं नाही, त्यांना एक गोष्ट सांगतो. इंजिन बंद करून शीड भरलं की आधी शांतता जाणवते, आणि मग कळतं की ती शांतता नाहीच. दोर करकरतात, पाणी बाजूनं घासत जातं, आत कपाटात एखादी वाटी सारखी वाजत असते. घारापुरी मागे पडली. बंदराच्या क्रेन बराच वेळ दिसत राहिल्या. उरणच्या टोकाला वळसा घालून दक्षिणेला लागलो तेव्हा वारा वायव्येकडून आला आणि टिटवी एका अंगावर कलून चालू लागली. मला मळमळलं. दिलीपनं आल्याची वडी दिली. मुक्ता सुकाणूवर बसली होती. शुभदानं तिला कॉलेजच्या सुट्ट्यांत शिकवलं होतं, हे मला अर्धवटच माहीत होतं. तिचा हात सुकाणूच्या दांड्यावर असा सैल पडलेला होता की तो शुभदाचा वाटावा. मी लॉगमध्ये मान घातली.

लॉग म्हणजे नौकेची रोजनिशी, पण तिच्यात मनातलं काही लिहायचं नसतं. वेळ, दिशा, वेग, वारा, सुकाणूवर कोण, आणि शेऱ्याची एक ओळ. ठरावीक अंतरानं हे भरायचं. लिहिलेलं खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, बाजूला आपली आद्याक्षरं घालायची आणि खाली बरोबर काय ते लिहायचं. रेघेखालचं वाचता आलं पाहिजे. आमच्या ग्रंथालयाच्या दाखलवहीलाही असाच नियम होता, त्यामुळे मला तो आवडला. हल्ली फोनवर सगळं दिसतं हे खरं, पण टिटवीवर फोन डब्यात आणि काम होकायंत्रानं, अशी पद्धत आहे. शुभदानं त्यात स्वतःची एक भर घातली होती. पानाच्या डोक्यावर ती तारखेच्या शेजारी तिथी लिहायची. ती देवभोळी नव्हती. मला तो तिचा छंद वाटायचा. मीही तिच्यासारखंच करायचं ठरवलं आणि कॅलेंडरात बघून सुवाच्य अक्षरात तिथ्या लिहून ठेवल्या.

मांडव्याच्या बाजूला, धक्क्यापासून दूर नांगर टाकला. पोपटी गार झाली होती, पण संपली. दिलीपनं उद्याचा बेत विचारला. शुभदाच्या जुन्या लॉगमधून मी तो वाचून दाखवला. मांडव्याहून निघून दुपारच्या सुमारास खाडीपलीकडचं करंजा बंदर, तिथे जेवण. शेऱ्यात तिनं लिहिलं होतं, "वळसा न घेता उथळ पट्टीवरून सरळ. कर्नाळ्याचा सुळका नाकासमोर. पाणी भरपूर. करंज्याला ओले बोंबील उत्तम."

"आई बोंबलाबद्दल लॉगमध्ये लिहायची?" मुक्तानं विचारलं.

"दर वेळी," दिलीप म्हणाला. "मी कॅप्टन, मला शेऱ्यात कधी जागा नाही मिळाली. बोंबलाला मिळायची."

मुक्ता हसली. घरातून निघाल्यापासूनचं ते पहिलं हसू. "उद्या आपण तिथेच जेवू," ती म्हणाली. "त्याच जागी."

"भरती-ओहोटी बघितलीस ना रे, श्रीकांत?" दिलीपनं भांडी विसळता विसळता विचारलं.

"हो," मी म्हणालो.

बघितली होती, पण शुभदाच्या पानावर.

सुळका नाकासमोर

सकाळी उशिरा नांगर उचलला. हवा धूसर होती, तरी द्रोणागिरी डोंगराच्या उजव्या खांद्यापलीकडे कर्नाळ्याचा सुळका फिकट दिसत होता. पनवेलकर हा सुळका रोज रस्त्यावरून बघतात, अंगठ्यासारखा उभा. समुद्रावरून तो आपल्या घराकडे बोट दाखवतो असं वाटत नाही. एखाद्या परक्या गावाची खूण वाटते. मी मुक्ताला सांगितलं, "सुळका नाकासमोर ठेव, बाकी काही बघू नकोस." दिलीप चहा टाकायला खाली गेला. पाण्याची खोली दाखवणारं यंत्र गेल्या पावसाळ्यापासून बंद होतं. त्यावर त्यानं शर्ट वाळत घातला होता.

वारा छान होता. मी शुभदाचं पान मांडीवर उघडून बसलो होतो आणि तिच्या ओळी आपल्या पानावर जवळजवळ उतरवत होतो. तीच दिशा, तोच वेग. मला फार बरं वाटत होतं. सव्वा वर्षात प्रथमच तिच्याबरोबर कुठे तरी जातो आहे, असं.

मग टिटवी थांबली. आपटली नाही. गादीवर बसावं तशी बसली. शीड फुगलेलंच होतं आणि आम्ही हलत नव्हतो. खालून कपबशी पडल्याचा आवाज आला आणि दिलीप ओरडला, "शीड सोड! शीड!" मुक्तानं दोर सोडला, शीड फडफडायला लागलं. नौका हळूहळू डावीकडे कलू लागली.

मी जागेवरून उठलो आणि मुक्तावर ओरडलो. "लक्ष कुठे आहे तुझं? एकच काम दिलं होतं! सुळका समोर ठेव म्हटलं होतं ना!"

एवढ्या मोठ्यानं मी घरातही कधी बोलत नाही. माझा आवाज पाण्यावरून लांब गेला.

मुक्तानं सुकाणूवरचा हात काढला नव्हता. ती म्हणाली, "समोरच आहे, बाबा. बघा."

मी बघितलं. टिटवीचं टोक, त्याच्या पुढे हातभर पाणी, त्यापुढे काळाभोर चकचकीत चिखल, आणि बरोबर त्याच रेषेत कर्नाळ्याचा सुळका. एक अंशसुद्धा इकडेतिकडे नाही.

मी तेव्हाच गप्प व्हायला हवं होतं. पण लॉग माझ्या हातात होता, पेन हातात होतं, आणि नोंद करणं हे माझं काम होतं. मी लिहिलं, "सुकाणू मुक्ता. नौका चिखलात रुतली." यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी सगळं आयुष्य शब्दांच्या संगतीत काढलं आहे. असं वाक्य कशासाठी लिहिलं जातं, ते मला लिहिताना कळत होतं.

दिलीप वर आला. पँटवर चहा सांडला होता. त्यानं इंजिन मागे चालवून पाहिलं. मागे नुसता चिखल उकळला. इंजिन बंद करून तो म्हणाला, "कोष्टक दे."

भरती-ओहोटीच्या कोष्टकाची या वर्षीची पुस्तिका गादीखालच्या कप्प्यात होती. तिची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. दिलीपनं ती माझ्या समोर सोडवली, एक बोट ठेवलं आणि मग माझ्या मांडीवरच्या लॉगकडे मान वळवली.

"आज अष्टमी ना रे? तूच लिहिलंयस की वर."

फाल्गुन शुद्ध अष्टमी. माझंच अक्षर. शेजारी शुभदाचं पान उघडं होतं. त्याच तारखेच्या पुढे, माघ पौर्णिमा.

"शुभदानं पौर्णिमेला नेली होती," दिलीप म्हणाला. तो रागावला नव्हता, त्यामुळे ऐकणं अवघड झालं. "पौर्णिमेला इथे दुपारी भरती असते, तीही उधाणाची. अष्टमीला दुपारी ओहोटी. दोन्ही पानांवर तिथी आहे, श्रीकांत! मग काय सजावट म्हणून काढली होतीस?"

समुद्राला तारीख नसते. किनाऱ्यावरच्या माणसांना हे सांगावं लागत नाही आणि मलाही लागायला नको होतं. तिथी ती पाण्यासाठी लिहायची. तिच्या दिशा बरोबर होत्या. आम्ही गेलो तेव्हा पाणी नव्हतं.

मी मुक्ताकडे बघितलं नाही. तिचा आवाज मात्र ऐकू आला, अगदी हळू. "म्हणजे इथे तिथी बघायची होती."

एवढंच म्हणाली. श्राद्धाच्या भांडणाचं दिलीपला काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "आता काय, पाणी येईपर्यंत बसा. जेवण गेलं. बोंबील वाचले."

चिखलावर

बघता बघता आजूबाजूचं पाणी निघून गेलं. टिटवी एका कुशीवर पडून राहिली. तिच्यावर धड बसता येत नव्हतं, उभं राहता येत नव्हतं. आम्ही तिघं वरच्या काठाला पाय लावून, उतरत्या छपरावर बसावं तसे बसलो होतो. किनाऱ्याकडून दोन बायका टोपल्या घेऊन चिखल तुडवत येत होत्या. खुबे, म्हणजे जाड शिंपल्या, वेचणाऱ्या. एक वयस्कर, एक तिची सून असावी. जवळ आल्यावर दोघी थांबल्या आणि टिटवीकडे बघत राहिल्या.

"काय ओ दादा," वयस्कर बाई म्हणाली, "बोट वालत घातली काय?"

"हो ना मावशी," दिलीप म्हणाला. "धुऊन काढली, आता ऊन देतोय."

"दोनी बाजूंनी द्या. एक बाजू ओली राहील नायतर."

सून पदरात तोंड खुपसून हसली. "कोन चालवत व्हता?" तिनं विचारलं.

उत्तर मी देईन, असं मला वाटलं होतं. मी लॉगच्या कोपऱ्याला बोट लावून बसलो होतो. मग दिलीपच म्हणाला, "सगळे मिळून चालवत होतो. एकट्याला एवढं जमत नाही."

वयस्कर बाईनं मुक्ताकडे पाहिलं. "तू कशाला या म्हाताऱ्यांबरोबर लोंबकलत बसलीस गो? उतर खाली. चप्पल काढ. इथं पाय रुतनार नाय, आमी हाव ना."

मुक्तानं माझ्याकडे न बघता जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरली. पहिल्या पावलाला ती घोट्यापर्यंत गेली आणि किंचाळली, मग सूनबाईच्या हाताला धरून चालू लागली. तिघी दूर गेल्या. वाऱ्यावरून तुकड्यातुकड्यांनी बोलणं ऐकू येत होतं. "लगीन झालंय का तुझं?" "नाही." "बरं हाय मग, येल हाय तुला खुबे वेचाला." मुक्ताचं हसू ऐकू आलं, मोठ्यानं, डोकं मागे टाकून हसते तसं. शुभदा गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. ते माझ्यापासून दूर गेल्यावरच निघालं होतं.

दिलीप दोर आवरत होता. मी लॉग उघडला. "हे पान..." मी म्हणालो.

"फाडायचं नाही," तो वर न बघता म्हणाला. "काय लिहिलंयस ते मी वाचलंय. एक रेघ मार, सही कर, खाली खरं काय ते लिही. माझ्या बोटीवर तेवढाच कायदा आहे."

कललेल्या नौकेत रेघ सरळ येत नाही. मी मारली, आद्याक्षरं घातली. खाली लिहिलं, "मार्ग श्रीकांतने दिला. कोष्टक पाहिले नव्हते. पाहिले आहे असे सांगितले. सुकाणूवर चूक नव्हती." शेऱ्याची जागा संपली. मुक्तावर ओरडलो, हे लॉगमध्ये लिहायची पद्धत नाही. ते म्हणून इथे लिहितो आहे.

पाणी परत यायला लागलं ते आधी दिसलंच नाही. चिखलाचा काळा रंग जरा निळसर झाला, मग खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे यायला लागले. मुक्ता परत आली तेव्हा तिच्या ओढणीत खुबे बांधलेले होते. बायकांनी तिला तिच्या वाट्याचे दिले होते. पाय गुडघ्यापर्यंत काळे होते. मी हात पुढे केला. तिनं आधी ओढणी दिली, मग दिलीपचा हात धरून वर आली.

"मुक्ता," मी म्हणालो, "तुझं काही चुकलं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"तेव्हाही नव्हतं. श्राद्धाच्या वेळी."

ती पाय घासत होती. मग म्हणाली, "बाबा, बादली द्या. पाणी भरून."

मी भरून दिली. तिनं पाय धुतले, बादली परत दिली, मी पुन्हा भरली. असं आम्ही काही वेळ करत राहिलो. तिनं माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिनं बादली मागितली.

दुपार कलल्यावर टिटवी हलली, एकदा डुलली आणि सरळ झाली. दिलीपनं करंज्याकडे बघितलं, मग कोष्टकाकडे. "नको," तो म्हणाला, "परत मांडवा." कुणी वाद घातला नाही. शुभदा जिथे जेवली तिथे आम्ही पोचलो नाही. संध्याकाळी मुक्तानं कांदा परतून खुब्यांचं कालवण केलं. वाळू पुरती निघाली नव्हती, दाताखाली कचकचत होती. "आईच्या कालवणातही असायची," ती म्हणाली. हे खरं होतं, पण शुभदाच्या हयातीत मी त्याबद्दल दर वेळी तक्रार केली होती. या वेळी दोनदा वाढून घेतलं.

परत मोऱ्याला

शेवटच्या सकाळी मी वर आलो तेव्हा मुक्ता पाय पोटाशी घेऊन बसली होती. कोष्टक एका गुडघ्यावर, लॉग दुसऱ्या गुडघ्यावर. तिनं मला विचारलं नव्हतं आणि ते बरोबरच होतं. नव्या पानावर तिनं तारीख घातली होती, शेजारी नवमी, आणि त्याखाली भरती-ओहोटीच्या वेळा, ठळक.

"तुम्ही सुकाणूवर बसा," ती म्हणाली.

"मला येत नाही."

"शिकवते. दांडा जिकडे ढकलाल त्याच्या उलट बोट जाते. आणि घट्ट धरू नका."

घट्ट न धरणं मला जमेना. तरी हळूहळू थोडं हाताला कळायला लागलं. उरणचं टोक जवळ आलं. कर्नाळ्याचा सुळका आता उजव्या हाताला, मागे राहत होता. मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. थोडा जास्त वेळ पाहिलं असावं, कारण शीड अचानक सैल होऊन फडफडलं.

"बाबा!" मुक्ता ओरडली. "लक्ष कुठे आहे तुमचं?"

दिलीप खालून खो खो हसला. मुक्ताच्या आवाजात हसू होतं का, ते मला तिच्याकडे पाठ असल्यामुळे कळलं नाही, आणि वळून बघण्याची माझी हिंमत झाली नाही. मी दांडा सैल धरला, तिनं सांगितलेल्या बाजूला ढकलला. शीड पुन्हा भरलं.

मोऱ्याला पोचल्यावर लॉग दिलीपच्या कपाटात जातो, घरी नेता येत नाही. ठेवण्याआधी मी तो एकदा चाळला. माझ्या पानावरची वाकडी रेघ जागेवर होती. तिच्याखालचं वाक्य स्वच्छ वाचता येत होतं, यापुढे ज्याच्या हाती लॉग येईल त्यालाही येईल. पुढच्या पानावर मुक्ताची शेवटची नोंद होती. "सुकाणू बाबा. दिशा ढळली. सांगितल्यावर सुधारली."